नळीचे तोंड आणि हत्याराची पारख

मोटार चालते कशी, हे जाणून घेण्याची उत्सुकता प्रत्येक मुलाला असते; ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः घाटमाथ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा दुसरा प्रश्नच अधिक जिव्हाळ्याचा वाटावयास हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले आहे, आणि गोवा तर समुद्राच्या काठीच. तेव्हा खानापूर, गुंजी, रामनगर ओलांडून अनमोडच्या घाटाने मोलेला उतरा, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने साखळीकडे वळा, किंवा निपाणीहून राधानगरीमार्गे फोंड्याच्या घाटाने कोकणात जा. उतार कोणासही चुकत नाही.

या उताराचा थोडा हिशेब करून पाहू. प्रवाशांसह १५०० किलोग्रॅम वजनाची एखादी मोटार ५०० मीटर खाली उतरली, तर तिच्या ठायी साठलेली सुमारे ७३ लक्ष जूल इतकी ऊर्जा कोठे तरी खर्ची पडलीच पाहिजे. एवढ्या ऊर्जेने २७ अंश सेल्सिअस तापमानाचे सुमारे २४ लिटर पाणी उकळीस येईल. यांपैकी काही भाग खालच्या गिअरात चालणारे इंजिन ओढून धरते, काही भाग वाऱ्याच्या विरोधात जातो. उरलेला सारा ब्रेकच्या ड्रमांत आणि चकत्यांत उष्णतेच्या रूपाने प्रकट होतो. घाट उतरून आलेल्या मोटारीच्या चाकाजवळ जो करपट वास येतो, त्याचे मूळ हेच.

आता चालकाचा पाय कोठे आणि चाक कोठे! या दोहोंमधील दुवा असतो एका द्रवाचा. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताचा यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. मोटारीच्या ब्रेकपर्यंत हे तत्त्व येण्यास मात्र अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला. माल्कम लॉकहीड या अमेरिकन यंत्रज्ञाने ते मोटारीस वापरण्याजोगे केले आणि १९२१ साली ड्यूझेनबर्ग नावाच्या मोटारीच्या चारही चाकांना असे द्रवाचे ब्रेक बसविण्यात आले. त्यापूर्वी तारा आणि लोखंडी दांडे ओढून चाके आवळीत असत. चारही चाकांना सारखी ओढ बसली तर ते चालकाचे भाग्यच म्हणावयाचे.

पायाने २५ किलोग्रॅमचा भार दिला आणि पेडलच्या तरफेने तो चौपट झाला, तर मुख्य सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोग्रॅमचा भार येतो. दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर धरले, तर द्रवातील दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३२ किलोग्रॅम इतका भरतो. हल्लीच्या मोटारींत पायाला साहाय्य करणारा बूस्टर असतो. त्याच्या योगाने हाच दाब दुप्पट वा त्याहून अधिक होतो, आणि अंगावर गुरे आली असता दचकून ब्रेक दाबावा तेव्हा तो ७० च्याही पुढे जाऊ शकतो. मोटारीच्या चाकात आपण हवा भरतो तिचा दाब याच मापाने दोनच्या आसपास असतो. यावरून तुलना करावी.

हा दाब वाहून नेणारी नळी फार जाड असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक मोटारींत तिचा बाहेरील व्यास ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.७५ मिलिमीटर, आणि भिंतीची जाडी अवघी ०.७ मिलिमीटर असते. तुमच्या कंपासपेटीतील शिसपेन्सिल हिच्याहून जाड आहे. तरीही ही नळी सहसा फुटत नाही, कारण ती घडविण्याची रीतच निराळी आहे. पोलादाची पातळ पट्टी दोन वेढे देऊन गुंडाळतात आणि त्या वेढ्यांमध्ये तांबे वितळवून दोन्ही थर एकजीव करतात. अशा नळीला कारखान्यांत ‘बंडी’ म्हणतात. अंगात घालावयाच्या बंडीशी या नावाचा काही संबंध नाही; ती तयार करणाऱ्या अमेरिकन कंपनीचे ते नाव आहे. तथापि दुपदरी अंगरखा घातलेली नळी असे समजल्यास नाव विसरावयाचे नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मोठे मालट्रक आणि एस. टी.च्या गाड्या यांचे ब्रेक बहुधा दाबलेल्या हवेवर चालतात. त्यांच्या नळ्या आणि जोड निराळे. डिझेल इंजिनात पंपापासून इंजेक्टरपर्यंत जाणाऱ्या जाड नळ्यांची तोंडेही कारखान्यातच घडवावी लागतात, हातहत्याराने ती करू नयेत. आपण बोलत आहोत ते जीप, मोटारगाडी, व्हॅन, छोटा टेंपो अशा वाहनांच्या ब्रेकनळ्यांविषयी.

नळी फुटत नसेल, तर ती बदलावी का लागते? गंजामुळे. मलप्रभेचा उगम ज्या कणकुंबीस आहे तिकडे पाऊस कसा कोसळतो, हे या तालुक्यात कोणास सांगावयास नको. गाडीच्या पोटाखाली चिखल साठतो. नळी जेथे पत्र्याच्या चापाने सांगाड्याला जखडलेली असते तेथे ओल दिवसेंदिवस टिकून राहते आणि नेमकी तेथेच नळी आतल्या आत खाल्ली जाते. जी वाहने वारंवार किनाऱ्याला जातात त्यांना खाऱ्या हवेचाही प्रसाद मिळतो. वरून रंग शाबूत दिसतो, पण नखाने खरवडले की पोपडा निघतो. अशी नळी बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

कंपनीने दोन्ही तोंडे घडवून, वाकवून तयार केलेली नळी मिळत असेल तर तीच आणावी, यात दुमत नाही. परंतु प्रत्येक गाडीची मिळेलच असे नाही. ॲम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्याच्याही पुष्कळ आधी. जुन्या जीपगाड्या तर कित्येक हातांतून गेलेल्या आणि कित्येक प्रकारे बदललेल्या. मग गॅरेजमधील मिस्त्री वेटोळ्यातून हवी तेवढी नळी कापून घेतो आणि तिची तोंडे स्वतः तयार करतो. आमच्या लेखाचा विषय सुरू होतो तो येथून.

नळी सिलिंडरला जोडावयाची कशी? तिला आटे पाडता येत नाहीत. भिंत फार पातळ. म्हणून नळीचे टोक कर्ण्याच्या तोंडासारखे पसरतात, आणि त्याच्या मागून एक पोकळ नट येऊन ते पसरलेले तोंड समोरच्या शंक्वाकृती बैठकीवर घट्ट दाबून धरतो. या पसरलेल्या तोंडाला फ्लेअर म्हणतात. धातू धातूवर बसतो आणि द्रव अडतो. मध्ये रबर नाही, कातडे नाही, काही नाही. नळाचे काम करणारे लोक आट्यांवर सुतळी आणि सफेदा लावतात किंवा पांढरी फीत गुंडाळतात. ती सवय येथे कामाची नाही. या जोडात आटे द्रव अडवीत नाहीत, ते फक्त दाबून धरण्याचे काम करतात. अडविण्याचे काम त्या मिलिमीटरभर रुंदीच्या कड्याचे.

गंमत अशी की, नळी निसटून बाहेर फेकली जाईल अशी भीती येथे फारशी नसते. आतील पोकळीचा व्यास ३.३५ मिलिमीटर धरला, तर ७० किलोग्रॅमच्या दाबालाही नळीला मागे ढकलणारे बळ सहा किलोग्रॅमच्या थोडे वर भरते. एवढे तर नट सहज पेलतो. भीती असते ती केसाएवढ्या भेगेची. एवढ्याशा भेगेतून द्रव झिरपला, की पेडल खाली जाते आणि चाकाला मिळावयाचा दाब रस्त्यावर सांडतो. जुन्या कित्येक मोटारींत चारही चाकांसाठी द्रवाचा एकच मार्ग असे. एका जोडाला गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक गेला. अलीकडील मोटारींत दोन स्वतंत्र मार्ग ठेवतात, ते यासाठीच.

भेग पडते कोठे? ज्या ठिकाणी धातू ताणला जातो तेथे. नळीचे टोक एकदाच पसरले, तर कडेशी धातू पातळ होतो आणि पोलादाची नळी असेल तर तेथे उभ्या चिरा पडतात. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. करंजीची कड नुसती दाबून सोडली तर ती तळताना फुटते. म्हणून गृहिणी तिला मुरड घालते. आमच्या कोंकणीत करंजीला नेवरी म्हणतात. नाव बदलले तरी मुरडीचे कारण तेच. तांबटही हंड्याचा काठ उघडा न ठेवता आत वळवितो, म्हणजे काठ दुपदरी होऊन ठोके सोसतो. ब्रेकच्या नळीचे टोक याच न्यायाने प्रथम आत मुरडतात आणि नंतर पसरतात. याला दुहेरी फ्लेअर म्हणतात. ब्रेकच्या नळीला एकेरी फ्लेअर कदापि चालत नाही, ही गोष्ट हत्यार विकत घेण्यापूर्वी पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. कारण बाजारात जी हत्यारे स्वस्त आणि मुबलक मिळतात, ती पुष्कळदा एकेरी फ्लेअरचीच असतात.

असे का, हे पाहण्यासाठी बेळगावच्या बाजारात थोडे फिरून यावे लागेल. या शहराला लोखंडकामाची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली येथेच सायकलींचे दुकान काढून आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला. पुढे १९१० मध्ये त्यांनी कुंडलच्या माळावर आपला कारखाना हलविला, ती किर्लोस्करवाडीची कथा सर्वश्रुत आहे. आज उद्यमबागेत आणि आसपास ओतकामाचे आणि द्रवदाबाची यंत्रे तयार करण्याचे पुष्कळ कारखाने आहेत. साहजिकच अशा शहरात नळीचे तोंड पसरण्याची हत्यारे एकाच नव्हे तर निरनिराळ्या कामांसाठी विकली जातात, आणि अजाण ग्राहकाचा गोंधळ होतो.

शीतकपाटे दुरुस्त करणारा कारागीर जे हत्यार वापरतो, ते मऊ तांब्याच्या नळीला ४५ अंशांचा एकेरी फ्लेअर करते. त्याच्या कामाला ते योग्यच आहे. द्रवदाबाच्या यंत्रांवर काम करणारा फिटर जे वापरतो, ते बहुधा ३७ अंशांचे. हा कोन विमानांच्या आणि कारखान्यांतील यंत्रांच्या जोडांतून आलेला. मोटारीच्या दुहेरी फ्लेअरला हवा असतो पुन्हा ४५ अंशांचा शंकू, पण त्यासोबत मुरड घालणारे ठसेही हवेत. आठ अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. तथापि ३७ अंशांचे तोंड ४५ अंशांच्या बैठकीवर बसविले, तर ते सबंध कड्यावर न टेकता एका बारीक रेषेवर टेकते. मिस्त्री ते गळू नये म्हणून नट अधिकाधिक आवळतो आणि शेवटी तोंड चिरडते. तेव्हा दुकानदारास पहिला प्रश्न विचारावयाचा तो कोनाचा. ज्याला तो सांगता येत नाही आणि ज्याच्या डबीवरही तो छापलेला नाही, त्याच्याकडून ते हत्यार न घेतलेले बरे.

मोटारींतही दोन घराणी आहेत. अमेरिकन आणि जपानी धाटणीच्या गाड्यांत दुहेरी फ्लेअर असतो. मागून पाहिले तर तो धोतऱ्याच्या फुलासारखा पसरत गेलेला दिसतो. युरोपीय धाटणीच्या अनेक गाड्यांत मात्र टोकाला अळंबीच्या छत्रीसारखा फुगवटा असतो आणि त्याची मागची बाजू सपाट असते. याला गॅरेजांत बबल फ्लेअर म्हणतात. पहिल्याची मापे एसएई जे५३३ या अमेरिकन मानकात सापडतात, दुसऱ्याची आयएसओ ४०३८ या आंतरराष्ट्रीय मानकात. दुहेरी फ्लेअर करताना पहिल्या पायरीला नळीचे टोक फुगीर दिसते; ते पाहून, येथेच थांबले की बबल फ्लेअर झाला, असे काही कारागीर समजतात. तो समज चुकीचा आहे. दोन्ही फुगवट्यांचे आकार निराळे असून बबल फ्लेअरला त्याचा स्वतंत्र ठसा लागतो.

नटावरून ओळख पटेल म्हणावे, तर तीही सोय नाही. १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर अंतराचे आटे जपानी गाड्यांतही असतात आणि युरोपीय गाड्यांतही. नट बिनबोभाट फिरतो, शेवटपर्यंत जातो, आणि आत भलतेच तोंड भलत्याच बैठकीवर चेपले जाते. यास्तव जुनी नळी काढली की तिची टोके फेकून देऊ नयेत. तीं पुसून, स्वच्छ करून समोर ठेवावीत. कारखान्यात घडलेले ते तोंड म्हणजे जणू सुवाच्य अक्षराचा कित्ता. आपले काम त्याबरहुकूम उतरले पाहिजे.

आता प्रत्यक्ष हत्याराकडे वळू. साध्या हत्याराचे भाग तीन. नळी धरणारी दोन पट्ट्यांची पकड, तिच्यावर चढणारे जू, आणि त्या जुवातून खाली उतरणारे मळसूत्र, ज्याच्या टोकाला पोलादी शंकू असतो. यांखेरीज मुरड घालण्यासाठी लहान लहान ठसे. एकेका नळीच्या मापाचा एकेक. हे ठसे दिसावयास बुटक्या भोवऱ्यासारखे, आणि मधोमध नळीत शिरणारी एक बारीक खीळ.

बहुतेक स्वस्त हत्यारे दगा देतात ती पकडीत. पट्ट्या मऊ लोखंडाच्या असल्या, तर चार-सहा वेळा आवळल्यावर त्या मधोमध किंचित वाकतात. मग भोकाच्या एका बाजूला नळी घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल राहते. मळसूत्र खाली येऊ लागले की नळी मागे सरकते, आणि मुरडीला जेवढा धातू हवा तेवढा उरतच नाही. म्हणून दोन्ही पट्ट्या मिटवून उजेडासमोर धराव्यात. फट सर्वत्र सारखी दिसली पाहिजे आणि दोन अर्ध्या भोकांचे वर्तुळ पुरे झाले पाहिजे. भोकाच्या आत बारीक दाते असतात; ते नळीला धरण्यापुरते असावेत, नळीच्या अंगावर खोल चरे पाडणारे नसावेत, कारण चरा पडला तेथेच पुढे गंज धरतो. पट्ट्या आवळण्यास नुसते फुलपाखरी नट दिलेले असतील, तर बोटांच्या जोराने पोलादी नळी धरली जाईल अशी आशा करू नये. पान्ह्याने आवळता येईल असा बोल्ट हवा.

मापाचीही एक मेख आहे. अनेक डब्यांवर ५, ६, ८ मिलिमीटर अशी मापे कोरलेली असतात. ४.७५ ची नळी ५ च्या भोकात शिरते खरी, पण धरली जात नाही. पाव मिलिमीटर म्हणजे काय एवढेसे, असे म्हणणाऱ्याने हे काम करू नये हे उत्तम. ३/१६ इंच आणि १/४ इंच ही मापे स्पष्ट कोरलेली असतील तोच संच ब्रेकच्या कामाचा.

मळसूत्राचे आटे बारीक आणि खोल असावेत. हलवून पाहिले असता ते जुवात डुगडुगता कामा नये. डुगडुगले तर तोंड एका अंगाला अधिक पसरते. आणखी एक बारकावा असा की, शंकू मळसूत्राबरोबर गरगर फिरणारा नसावा. मळसूत्र फिरत असताना शंकूने आपल्या जागी स्वस्थ राहून नुसते खाली दाबावे. म्हणून चांगल्या हत्यारात या दोहोंमध्ये लहानशी बेअरिंग असते. शंकू फिरला तर तो धातूला दाबण्याऐवजी घासतो, आणि बैठकीवर टेकणाऱ्या नेमक्या त्या जागी गोल गोल ओरखडे उमटतात.

ठसे पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कठीण केलेल्या पोलादाचे असावेत. खरे पाहता बारीक कानस हलकेच फिरवून हे ताबडतोब कळते. कानस घसरली तर ठसा कठीण, रुतली तर मऊ. दुकानदार ही परीक्षा करू देईल असे मात्र मला वाटत नाही! निदान मधली खीळ सरळ आहे ना, आणि ठसा मोडल्यास सुटा मिळतो ना, एवढे तरी पाहावे. ३/१६ च्या ठशाची खीळ सर्वांत बारीक, त्यामुळे सर्वांत आधी मोडते तीच. सुटा ठसा मिळत नसेल, तर खीळ मोडली त्या दिवशी सारा संच निकामी झाला.

याहून महाग हत्यारेही आहेत. व्हाइसमध्ये पकडून एका लांब दांड्याने दाबण्याची. फिरत्या चाकावर सर्व ठसे बसविलेली. आणि हाताने पंप मारून द्रवाच्याच दाबाने तोंड घडविणारी. ही शेवटची म्हणजे पास्कलचा नियम पास्कलच्याच चाकरीला लावण्याचा प्रकार. ज्या गॅरेजात आठवड्यातून अनेक नळ्या घडवाव्या लागतात त्याने ती जरूर घ्यावीत. प्रत्येक तोंड सारखे येते आणि मनगट दुखत नाही. महिन्यातून एखादी नळी करणाऱ्यास साधी पण खणखणीत पट्टीची पकड पुरे. आपल्याकडे उलटेच पाहावयास मिळते. रंगीबेरंगी प्लास्टिकच्या पेटीत वीस-पंचवीस नग असलेला संच लोक घेतात. त्यातील तीन नग कामाचे असतात आणि तेच नेमके कच्चे असतात. एका ठिकाणी जीपची काढलेली नळी मी हातात घेऊन पाहिली होती. दुसऱ्या एका कारागिराने ती वर्षापूर्वीच बदललेली. तोंडाची एक बाजू कागदासारखी पातळ आणि दुसरी जाड; मध्ये चीर. नळी उत्तम होती, नटही नवा होता. ढिल्या पकडीत नळी तिरकी बसली होती, एवढेच.

म्हणून सर्वांत विश्वासाची परीक्षा अशी की, आपल्याच पोलादी नळीचा हातभर तुकडा बरोबर न्यावा आणि घेण्यापूर्वी, ते शक्य नसल्यास घेतल्यावर त्याच दिवशी, ओळीने पाच तोंडे करावीत. तांब्याच्या नळीवर परीक्षा करू नये; तांबे मऊ असल्याने वाईट हत्यारालाही ते सांभाळून घेते. ही पाच तोंडे भिंगाखाली पाहावीत. कडे सर्व बाजूंनी सारख्या रुंदीचे आहे का, मुरडीची आतली कड एकसारखी मिटली आहे का, उभी चीर वा गोल ओरखडा आहे का, आणि नट मागून येऊन नीट टेकतो का, हे तपासावे. पाचांपैकी चार चांगली निघाली तर हत्यार चांगले, असे म्हणून चालणार नाही. गाडीला कोणते तोंड बसेल हे आधी कोणी सांगावे?

नळीच्या धातूविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. गंजत नाही म्हणून काहीजण शुद्ध तांब्याची नळी बसवितात. तांबट हंडा घडविताना मधूनमधून तो भट्टीत का तापवितो, हे ज्याने विचारले असेल त्याला यातील धोका कळेल. ठोके खाऊन तांबे कठीण आणि ठिसूळ होते. गाडीच्या अखंड थरथरीनेही तेच होते, आणि नळी एके दिवशी तडकते. यावर तोडगा म्हणून नव्वद भाग तांबे आणि दहा भाग निकेल यांच्या मिश्रधातूची नळी निघाली. समुद्राच्या पाण्यासाठी जहाजांवर वापरला जाणारा हा धातू स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७६ पासून आपल्या मोटारींच्या ब्रेकनळ्यांसाठी घेतला. तो गंजत नाही, थरथर सोसतो आणि वळतोही सहज. किनाऱ्यावर ये-जा करणाऱ्या वाहनास तो अधिक मानवेल, असे माझे मत आहे. दिसावयास ही नळी तांब्यासारखीच पण किंचित फिकट, म्हणून विकत घेताना वर छापलेली अक्षरे वाचून घ्यावीत.

हत्यार कितीही उत्तम असले तरी आधीची तयारी बिघडली की ते काय करणार? नळी करवतीने कापू नये. करवत कड वाकडी ठेवते आणि आत लोखंडाचा चुरा सोडते, जो पुढे सिलिंडरातील रबरी वाट्या ओरबाडतो. नळी कापण्याचे लहान चाकाचे हत्यार असते, ते गोल फिरवीत थोडे थोडे आवळावे. मग आतील आणि बाहेरील बारीक धार काढून टाकावी आणि नळी फुंकून स्वच्छ करावी. यानंतर नट नळीवर चढवावा. ही सूचना हास्यास्पद वाटेल. परंतु दोन्ही तोंडे सुरेख झाल्यावर नट बाहेरच राहिल्याचे ध्यानात येऊन कपाळाला हात लावला नाही, असा मिस्त्री विरळा.

नळी पकडीतून नेमकी किती वर काढावयाची, तर ठशाच्या कडेची जेवढी उंची तेवढी. ठसाच बाजूला उभा करून मापावे, अंदाजाने ठेवू नये. टोकाला ब्रेकच्याच द्रवाचा एक थेंब लावावा. इंजिनचे तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह टाळावा, कारण खनिज तेलाचा अंश आत राहिला तर ब्रेकमधील रबर फुगते. मग ठसा ठेवून मळसूत्र दाबावे, ठसा काढून पुन्हा नुसता शंकू दाबावा. शेवटचा वळसा जोराने देण्याची गरज नसते. धातू बसला की हाताला कळते. त्यापुढे दाबल्यास तो पातळ होऊ लागतो.

जोडणी झाल्यावर नळीतील सारी हवा काढावी. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून आत बुडबुडा राहिला की पेडल स्पंजासारखे लागते. द्रव नव्या, मोहोरबंद डब्यातलाच घ्यावा. तो हवेतील ओल शोषून घेतो, आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो; डॉट ३ या प्रतीचा कोरडा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत टिकला पाहिजे, ओल धरलेल्याची हीच मर्यादा १४० वर येते. आपल्याकडील श्रावणात उघडा राहिलेला डबा काय झाला असेल, याची कल्पना करावी. हा द्रव गाडीच्या रंगावर सांडल्यास रंग सुटतो, तेव्हा लगेच पाण्याने धुवावे.

मग गाडी जागेवरच उभी ठेवून एकाने पेडल जोराने दाबून मिनिटभर तसेच धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद लावून पाहावा. कागद कोठेही ओला होता कामा नये. कागद कोरडा असूनही पेडल सावकाश खाली जात असेल, तर दोष बहुधा मुख्य सिलिंडरच्या रबरात शोधावा. कागद ओला झाला, तर नट थोडासा आवळून पाहावा, तोही कडीसारख्या नट धरणाऱ्या खाचेच्या पान्ह्याने. साध्या पान्ह्याने या मऊ नटाचे कोपरे झिजतात. एवढ्याने ओल थांबली नाही, तर आणखी आवळीत बसू नये. नळी उतरवावी, तोंड कापून टाकावे आणि नवे करावे. त्यासाठी नळी कापतानाच ती दोन बोटे लांब ठेवावी आणि ती जादा लांबी एखाद्या वळणात जिरवावी.